घड्याळाचा चामडी पट्टा दुरुस्त करूनही पुन्हा कडक होतो, वास मारतो? आधी अस्तर बघा

पट्टा कडक झाला म्हणून तेल लावलं, चार दिवस मऊ राहिला, महिन्याभरात पुन्हा तसाच. वास येत होता म्हणून पुसून काढला, आठवड्यात परत आला. कडेचा रंग उडाला म्हणून मार्कर फिरवला, तो शर्टाच्या बाहीवर उतरला. घड्याळाच्या चामडी पट्ट्याबद्दलच्या बहुतेक तक्रारी याच तीन प्रकारांत बसतात, आणि तिन्हींत उपाय वरच्या, दिसणाऱ्या बाजूवर केलेला असतो. बिघाड मात्र सुरू होतो मनगटाला टेकणाऱ्या अस्तरात आणि पट्ट्याच्या कडेत. तिथला घाम, मीठ आणि मळ न काढता वरून तेल चोपडणं म्हणजे न धुतलेल्या सदऱ्याला इस्त्री करणं.

पट्टा सहसा एकसंध चामड्याचा नसतो. वर दिसणारं चामडं, मध्ये भरण आणि खाली मऊ अस्तर असे थर गोंदाने चिकटवून कडेने शिवलेले असतात. उघड्या कडेवर रंगाचा पातळ थर असतो. काही पट्ट्यांत वरचं चामडंच कडेवरून दुमडून खाली घेतलेलं असतं; ते जास्त टिकतात, कारण घामाला आत शिरायला फट कमी मिळते. उघड्या कडेचा रंग एकदा तडकला की घाम आडवा आत जातो, भरण फुगतं, गोंद सुटतो आणि वरच्या बाजूला सुरकुत्या पडल्या की आपल्याला पत्ता लागतो.

आधी पट्टा सोडवा

घड्याळाला लावलेल्या स्थितीत पट्टा साफ करू नका. पाणी आणि क्लीनर घड्याळाच्या कडांमध्ये जातं आणि अस्तराचा सर्वांत मळलेला भाग, पट्टा घड्याळाला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिनेजवळचा, तसाच राहतो. घड्याळाच्या शिंगांना, म्हणजे पट्टा ज्यांच्यामध्ये बसतो त्या टोकांना, आतून साधी कागदी चिकटपट्टी लावा म्हणजे ओरखडे पडणार नाहीत. घड्याळ जाड टॉवेलवर पालथं ठेवा आणि पातळ दुबेळक्याच्या हत्याराने पिनेचा खांदा आत दाबा. दाबताना दुसऱ्या हाताचं बोट वरून ठेवा, नाहीतर पिन उडते आणि नेमकी कपाटाखाली जाते. पट्ट्याला आतून छोटा खटका असेल तर नखाने ओढला की काम झालं.

पिन हातात आली की ती तपासा. टोकं झिजलेली, गंजलेली किंवा मधून वाकलेली असली तर टाकून द्या. स्प्रिंग दाबून सोडल्यावर अडखळत बाहेर येत असेल तरीही टाका. पट्ट्यावर तासभर घालवायचा आणि घड्याळ जुन्या पिनेवर लटकवायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. नवी पिन घेताना शिंगांमधलं अंतर मोजा. १८, २० आणि २२ मिलिमीटर ही नेहमीची मापं. पिनेची जाडीही जुन्या पिनेशी जुळवून घ्या.

हा पट्टा वाचणारा आहे का

भोकाच्या आतल्या भिंतीकडे उजेडात नीट बघा. खऱ्या चामड्यात एकमेकांत गुंतलेले बारीक तंतू दिसतात. चामड्याचा चुरा गोंदात दाबून केलेल्या पट्ट्यात भुगा दिसतो, बहुतेकदा त्याखाली कापडाची जाळी असते. वरचा थर सालपटांसारखा निघत असेल तर तो चामड्यावरचा, किंवा चामडं नसलेल्या कशावरचा, प्लॅस्टिकचा लेप आहे. तो परत जोडता येत नाही. कुठलंही क्रीम त्यात शिरत नाही, रंग लावला तर पुढच्या सालपटाबरोबर निघून जातो. तिथे श्रम घालवू नका, नवा पट्टा घ्या.

वनस्पतीच्या सालींनी कमावलेल्या जुन्या चामड्यात आणखी एक प्रकार आढळतो: बोट फिरवलं की तांबूस भुकटी हाताला लागते. यात तंतूच तुटलेले असतात. तेल घातलं की तो भाग काळा आणि मऊ होतो, मजबूत होत नाही. पेटीत जपून ठेवायचा असेल तर ठेवा, मनगटावर नको.

पांढरं आलंय, पण काय आलंय

अस्तरावर किंवा कडेला पांढरट थर दिसला की सगळे बुरशी म्हणतात. तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

घामातलं मीठ सुकलं की खरखरीत कणांचा थर दिसतो, बहुतेकदा जिथपर्यंत ओल पोचली त्या रेषेवर. ओलसर कापडाने ते विरघळून निघतं. चामड्यातली चरबी किंवा तुम्ही लावलेलं मेण पृष्ठभागावर आलं तर धुरकट, बोटाला गुळगुळीत लागणारा थर दिसतो. त्यावर हेअर ड्रायरची अगदी कोमट हवा लांबून काही सेकंद सोडा. चरबी वितळून आत जाते आणि पांढरेपणा नाहीसा होतो. मीठ ऊब लागून जात नाही. बुरशी लोकरीसारखी, ठिपक्याठिपक्यांची असते आणि तिला तळघराचा कुबट वास असतो. ती घरात झटकू नका. बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने काढा, तो ब्रश पुन्हा चामड्यावर वापरू नका आणि मगच पुढची सफाई करा.

बकलच्या काट्याजवळ किंवा रिवेटभोवती हिरवा, मेणचट मळ साचतो तो यांतला नव्हे. पितळेतलं तांबं आणि चामड्यातली आम्लं यांच्या संयोगातून तो तयार होतो. लाकडी टूथपिकने खरवडा, कोरड्या कापडाने पुसा. बकलवरचा मुलामा झिजून पितळ उघडं पडलं असेल तर तो परत येणारच. तेव्हा बकल बदला.

वासाचा बंदोबस्त

ताज्या घामाला जवळपास वास नसतो. त्वचेवरचे आणि अस्तरातले जिवाणू घाम, मृत त्वचा आणि तेलकटपणा यांवर वाढतात, वास त्यांचा. म्हणून वरून अत्तर किंवा सुगंधी पॉलिश लावून उपयोग नाही. दोन वास मिळून तिसरा तयार होतो, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असतो.

आधी कोरडं काम करा. मऊ टूथब्रशने अस्तर लांबीच्या दिशेने झाडा, शिवणीच्या टाक्यांमधून आणि भोकांमधून मळ सुटा करा. नंतर पांढरं सुती कापड उकळून गार केलेल्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात बुडवून घट्ट पिळा, इतकं की आणखी पिळल्यावर थेंब पडू नये, आणि अस्तर पुसा. पहिल्या फेरीत कापडावर उमटणारा तपकिरी डाग बघून बरेच जण घाबरतात. त्यात मळ असतो आणि थोडा रंगही. कापडाची जागा बदलत पुसत राहा. डाग फिकट होऊन थांबला तर तो मळ होता. तेवढाच गडद येत राहिला तर रंग सुटतोय, तिथेच थांबा.

पाण्याने भागलं नाही तर चामड्याचं सौम्य क्लीनर घ्या, ज्यावर पीएच न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्क) लिहिलेलं असतं असं. कमावलेलं चामडं मुळात आम्लधर्मी असतं, साधारण ३.५ ते ५ पीएच. अंगाच्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या आसपास जातो, जुन्या पद्धतीचा खोगिराचा साबणही त्याच बाजूचा. एकदा वापरला तर पट्टा मरत नाही, पण दर महिन्याला वापरला तर कोरडा आणि ठिसूळ होतो. म्हणजे कडकपणा घालवायला केलेल्या सफाईतूनच पुन्हा कडकपणा येतो. क्लीनर पट्ट्यावर ओतू नका. कापडावर फेस करा, फक्त फेस लावा, लगेच ओल्या कापडाने दोनदा पुसून घ्या. साबणाचा अंश राहिला तर पुढच्या घामाबरोबर तो पुन्हा जागा होतो.

एका बाजूचाच अर्धा भाग भिजवू नका. ओल आणि कोरडा भाग यांच्या सीमेवर डागाची रेषा उमटते आणि ती घालवणं मूळ मळापेक्षा कठीण. ओलसरपणा पूर्ण लांबीभर सारखा असू द्या.

वाळवण्यात बहुतेक पट्टे बिघडतात. उन्हात, रेडिएटरवर, ड्रायरच्या गरम हवेत वाळवू नका. ओल्या चामड्याला ठरावीक तापमानाच्या वर नेलं की तंतू आकसतात आणि परत सैल होत नाहीत. वनस्पतीजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्यात ही मर्यादा साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअस असते, क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेल्यात १०० च्या आसपास. घामाने खाल्लेल्या जुन्या चामड्यात ती आणखी खाली येते. पट्टा मनगटाएवढ्या गोल वस्तूभोवती सैल गुंडाळा आणि सावलीत, हवा खेळती असेल तिथे एक ते दोन दिवस ठेवा. बाहेरून कोरडा लागला तरी भरण ओलं असतं, घाई करू नका.

सॅनिटायझर, स्पिरिट, व्हिनेगर, खाण्याचा सोडा हे चौघेही सल्ल्यात हमखास येतात. अल्कोहोल जिवाणू मारतं खरं, पण चामड्यावरचा लेप विरघळवतं आणि आतली चरबी ओढून घेतं. सोडा अल्कधर्मी, शिवाय टाक्यांत अडकून बसतो. सोडा वापरायचाच तर डबीत उघड्या वाटीत ठेवा, शेजारी पट्टा ठेवा आणि झाकण लावा. कोळशाची पुरचुंडी ठेवली तरी चालेल. पट्टा फ्रीझरमध्ये ठेवून जिवाणू मरत नाहीत, नुसते स्वस्थ बसतात, आणि मनगटाची ऊब मिळाली की कामाला लागतात.

एवढं करून वास राहिला तर तो भरणात मुरलाय. अस्तर सोडवून नवं बसवता येतं, चांगला कारागीर ते करतो, पण साध्या पट्ट्यासाठी हे करण्यात अर्थ नाही.

तेल कधी, किती

पूर्ण सुकल्यावर, आणि फार थोडं. मटाराच्या दाण्याएवढं क्रीम दोन्ही तुकड्यांच्या वरच्या बाजूला पुरतं. बोटाला कापड गुंडाळून गोल फिरवत लावा, रात्रभर ठेवा, सकाळी जास्तीचं पुसून ब्रशने घासा. अस्तरावर जवळजवळ काहीच लावू नका. तिथे तेल घातलं की घाम मुरायला जागा राहत नाही, अस्तर बुळबुळीत होतं आणि त्यावर मळ लवकर बसतो. महिनोन्महिने तेल पाजलेला पट्टा इतका सैलावतो की बकलच्या काट्याने भोकं लांबट होतात. वर्षातून दोन-तीन वेळा पुरे.

स्वयंपाकघरातली तेलं नकोत. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठतं आणि थंडीत पट्ट्यावर पांढरी झाक येते. मग लोक तीच बुरशी समजून पुन्हा पुसायला घेतात. बाकीची तेलं काही महिन्यांत खवट होतात, म्हणजे ज्या वासासाठी एवढा खटाटोप केला तोच दुसऱ्या दाराने घरात. जवसाचं तेल सुकून घट्ट होतं. मिंक ऑइल आणि गाईच्या पायाच्या हाडांचं तेल चांगली असतात, पण रंग गडद करतात. फिकट तपकिरी पट्ट्यावर आधी आडबाजूला, लूपखाली झाकल्या जाणाऱ्या टोकावर लावून बघा. मखमली पोताच्या स्वेडवर क्रीम किंवा तेल अजिबात नाही, तिथे रबर आणि ब्रश एवढंच.

कड: इथे वेळ द्या

नव्या रंगाचा थर जुन्या तडकलेल्या रंगावर चढवला की तो पंधरा दिवसांत निघतो. सुटा झालेला सगळा रंग नखाने किंवा पातळ लाकडी काडीने काढा. पट्टा हलका वाकवा आणि कडेकडे बघा: थरांमध्ये काळी रेघ उघडते का? उघडत असेल तर आधी गोंद, मग रंग.

यासाठी कॉन्टॅक्ट सिमेंट नावाचा लवचिक गोंद लागतो. पांढरा गोंद घामाने सुटतो, आणि झटपट चिकटणारा सुपरग्लू कडक होऊन वाकवताना तडकतो. टूथपिकच्या टोकावर गोंद घेऊन फटीच्या दोन्ही अंगांना पातळ थर लावा, काडीनेच फट उघडी धरा, डबीवर लिहिलेला वेळ, साधारण १० ते १५ मिनिटं, थांबा. बोट लावलं तर चिकट लागावं पण बोटाला येऊ नये. मग दाबा. चिमट्याने धरणार असाल तर दातांखाली चामड्याचा तुकडा ठेवा, नाहीतर वरच्या बाजूला कायमचे वळ उठतात.

दुसऱ्या दिवशी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने कड एका पातळीत आणा, मग ६०० ने गुळगुळीत करा. कडेसाठी मिळणारा जाड अॅक्रिलिक रंग आरीच्या टोकाने किंवा बारीक काडीने लावा. ब्रशने लावला तर वरच्या चामड्यावर ओघळतो. एकच जाड थर देऊ नका. पातळ तीन-चार थर, प्रत्येक पूर्ण सुकल्यावर पुढचा, मध्ये ६०० चा एखादा हात. पहिल्या थरानंतर कड ओबडधोबडच दिसते, तिथे निराश होऊ नका. दुसऱ्यानंतर खड्डे भरायला लागतात.

वनस्पतीजन्य द्रव्यांनी कमावलेल्या एकसंध पट्ट्याला रंग लागत नाही. कड किंचित ओली करून मेण लावा आणि गुळगुळीत लाकडाने जोरात घासा, चकाकी येते. क्रोमच्या चामड्यावर हे चालत नाही. कितीही घासा, कड केसाळच राहते.

रंग, शिवण, भोकं

वरच्या चामड्याला रंग द्यायचा असेल तर मूळ रंगाहून एक छटा गडदच घ्या. फिकट करता येत नाही. रंगानंतर वरून पारदर्शक फिनिश हवंच. घालण्याआधी ओल्या पांढऱ्या कापडाने जोर लावून घासून बघा. कापडावर रंग आला तर मनगटावर आणि बाहीवरही येणार.

उसवलेली शिवण एकाच सुईच्या धावदोऱ्याने घालू नका. एका मेणलावल्या पॉलिएस्टर दोऱ्याला दोन्ही टोकांना सुया, जुन्याच भोकांतून दोन्ही बाजूंनी, म्हणजे एक टाका तुटला तरी बाकीची शिवण धरून राहते. दोरा ०.४ ते ०.५ मिलिमीटरचा. नवी भोकं पाडू नका, चामडं तिथे भोकांच्या ओळीने फाटतं. शेवटचे दोन-तीन टाके उलटे घ्या.

बकलची लांबट झालेली भोकं बुजवायचा नाद सोडा. दोन भोकांच्या मध्ये नवं भोक पाडण्याचा मोह होतो. हिशोब करून बघा. भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ६ मिलिमीटर आणि भोक २ मिलिमीटरचं असेल तर मध्ये ४ मिलिमीटर चामडं उरतं. तिथे आणखी एक पाडलं की दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर राहील, आणि काटा ते पहिल्याच आठवड्यात खाईल. रोज त्याच भोकात काटा घालून पट्टा उलटा मुरडला जातो म्हणून हा त्रास होतो. घडीच्या क्लॅस्पमध्ये, म्हणजे घडी होऊन मिटणाऱ्या धातूच्या पकडीत, तो ताण येत नाही, कारण एकदा लांबी लावली की चामडं वाकवावंच लागत नाही. आवडत्या पट्ट्याला मी तोच बसवतो.

परत का होतं

बहुतेक वेळा कारण एकच असतं: पट्ट्याला सुकायला वेळ मिळत नाही. दिवसभर वापरलेला पट्टा रात्री आतून ओला असतो, सकाळी पुन्हा मनगटावर चढतो. दोन पट्टे आलटून पालटून वापरले तर दोन्ही जास्त चालतात. एक बोट आत जाईल इतका सैल घाला, हात धुताना काढा, लोशन आणि सनस्क्रीन मुरल्यावरच घाला. ठेवायला प्लॅस्टिकची हवाबंद पिशवी नको, तिथेच बुरशी धरते.

पट्ट्याखाली त्वचा लाल होत असेल तर कुठे होते ते बघा. बकलच्या आकाराचा चट्टा असेल तर संशय निकेलवर. पूर्ण पट्टीभर असेल तर साचलेला घाम किंवा चामड्यातलं क्रोमियम. क्रोमने कमावलेल्या चामड्यात षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे त्याचा अॅलर्जी आणणारा प्रकार, तयार होऊ शकतं, आणि युरोपीय संघाने १ मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरवली आहे. असा चट्टा पट्टा धुऊन जात नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट (संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून केलेली अॅलर्जीची तपासणी) होते, ती करून घ्या.

पट्टा परत बसवण्याआधी एक तपासणी राहते. पिन जिथून जाते तो वळसा दोन्ही अंगठ्यांनी उलटा वाकवा. वरच्या पृष्ठभागावर केसाएवढ्या रेषा दिसल्या तर चालेल. चीर शिवणीच्या टाक्यांना ओलांडून गेली असेल किंवा वळशातून पिनेचं धातू दिसत असेल तर हा पट्टा घड्याळ सांभाळणार नाही. कड कितीही सुंदर झाली असली तरी तो बाजूला ठेवा. बकल चांगलं असेल तर काढून घ्या आणि त्याच्या आतलं माप मोजून ठेवा, कारण शिंगांकडे २० मिलिमीटर असलेला पट्टा बकलकडे १८ किंवा १६ पर्यंत निमुळता होतो आणि नवा पट्टा घेताना दोन्ही आकडे लागतात.